आधी रक्त तपासा, मग ध्यानाचं बघू

पत्र :

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातून लिहीत आहे. वय ३९. घरी चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. सध्या वेचणी चालू आहे. पाचला उठते, चहा घेते, पाणी भरणे, झाडझूड, सगळ्यांचा स्वयंपाक, डबे, आणि आठला पुन्हा एक चहा पिऊन वावरात जाते. पोटात पहिला घास एक वाजता पडतो. घरी आल्यावर पुन्हा चूल. सगळ्यांचे झाले की जे उरेल ते मी खाते.

वर्षभरापासून दुपारी तीन वाजले की डोळ्यांपुढे अंधारी येते. चार पायऱ्या चढल्या की धाप लागते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. पाळी सात-आठ दिवस चालते. कंबर रोजच दुखते. रात्री अंग टाकले की झोप लागते, पण दोनला जाग येते आणि सोसायटीचे कर्ज, मुलीच्या कॉलेजची फी हेच डोक्यात फिरत राहते. मुलावर ओरडते आणि मग न्हाणीत जाऊन रडते. कापसाच्या भावाने हेही आजकाल गप्प गप्प असतात.

डॉक्टरांकडे गेले की ताकदीचे सलाईन लावतात, दोन दिवस बरे वाटते. बचत गटात आलेल्या मॅडम म्हणाल्या, शरीर, मन, आत्मा तिन्हीची काळजी घ्या, रोज एक तास स्वतःला द्या. तो तास कुठून आणू? सासूबाई म्हणतात, "कामानं कोनी मरत नाई वं बाई, आमी नाई केलं काय?" पूर्वी संध्याकाळी प्रार्थनेला जायचे, दोन वर्षांपासून तेही सुटले. मी आळशी झाले का?

— एक वाचक

उत्तर :

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. अंधारी, धाप, पोटऱ्यांत गोळे, जास्त दिवस चालणारी पाळी आणि उठसूट चिडचिड, हे सगळं एकाच बाईला एकाच वर्षात होऊ लागलं तर पहिला संशय रक्तावर घ्यायचा, स्वभावावर नाही. पत्रावरून आजार ठरवता येत नाही. पण रक्त कमी आहे की नाही हे एका तपासणीत कळतं आणि ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. म्हणून मॅडमनी सांगितलेला तास तूर्त बाजूला ठेवा. त्यांचा हेतू चांगला होता, पण रक्त कमी असलेल्या बाईला आधी ध्यानाला बसवलं तर ती बसल्या जागी झोपेल आणि वर 'आपल्याला तेही जमलं नाही' म्हणून कष्टी होईल.

रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं. ते कमी पडलं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जोरात धडधडावं लागतं. म्हणून चार पायऱ्यांत धाप लागते. वेचणीत सकाळची ताकद कशीबशी पुरते आणि तीनच्या सुमारास संपते. मेंदूलाही कमीच मिळतं, त्यामुळे लहान गोष्टीवर भडका उडतो. मुलावरचं ओरडणं हा तुमच्या प्रेमाचा कमीपणा नाही. देशात २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांमध्ये ५७ जणींना रक्तक्षय आढळला. तुमच्याबरोबर वेचायला येणाऱ्या दहा जणींत पाच-सहा जणी याच अवस्थेत असणार, आणि प्रत्येकीला वाटत असणार की आपणच कमी पडतो.

प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन 'सीबीसी', म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, करायला सांगा. त्यासाठी उपाशी राहायची गरज नाही. शिबिरात बोटाला टोचून काढतात तो आकडा अंदाजाचा असतो, शिरेतून काढलेल्या रक्ताचा आकडा धरा. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं. ११ ते १२ म्हणजे थोडं कमी, ८ ते ११ मध्यम, आणि ८ च्या खाली गंभीर. गंभीर असेल तर घरचे उपाय करत बसू नका. आडवं पडल्यावरही धाप लागते, छातीत धडधडतं किंवा पाय सुजले आहेत, असं असेल तर त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठा. त्याच रिपोर्टवर 'एमसीव्ही' म्हणून एक आकडा असतो, तांबड्या पेशींच्या सरासरी आकाराचा. तो ८० च्या खाली असेल तर बहुतेक वेळा लोह कमी असतं, १०० च्या वर असेल तर बी-१२ किंवा फोलिक ॲसिडकडे बघावं लागतं. थायरॉईड, साखर आणि बीपी त्याच फेरीत पाहून घ्या. थायरॉईड मंदावलं तरी थकवा येतो आणि पाळी जास्त दिवस चालते.

आपल्या विदर्भात आणखी एक तपासणी विसरू नका : सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. पूर्व विदर्भात आणि यवतमाळच्या आदिवासी पट्ट्यात तो जास्त आहे, पण एकाच समाजाचा आजार म्हणून सोडून देता येत नाही. १ जुलै २०२३ ला देशभर सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तेव्हापासून गावोगाव तपासणी होते आहे. पहिली चाचणी 'सोल्युबिलिटी' असते. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजारच आहे असं नाही, तुम्ही नुसत्या वाहकही (दोष अंगात, पण आजार नाही) असू शकता, ते पुढच्या चाचणीत ठरतं. हे आधी कळणं का हवं? सिकलसेलचा आजार असेल तर रक्त कमी असण्याचं कारण वेगळं असतं, आणि लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी लोह मोजल्याशिवाय महिनोन्महिने घेणं बरं नव्हे.

लोहच कमी निघालं तर गोळ्या मिळतील. आशाताई आठवड्याला एक देतात ती रक्त कमी होऊ नये म्हणून असते. कमी झालेलं भरून काढायला डॉक्टर वेगळा डोस सांगतात. बहुतेक बायका इथेच गोळ्या सोडतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो : शौच काळी होईल, ते लोहाचं असतं, घाबरायचं नाही. मळमळ होईल, पोट जड वाटेल, बद्धकोष्ठ होईल. उपाशीपोटी गोळी चांगली लागते, पण सोसत नसेल तर रात्री जेवणानंतर झोपताना घ्या. तरीही सोसत नसेल तर 'एक दिवसाआड घेऊ का' असं डॉक्टरांना विचारा. तसं घेतलं तरी लोह चांगलं शोषलं जातं आणि पोटाला त्रास कमी होतो. चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर मात्र घ्यायची नाही. साध्या पाण्यात लिंबू पिळून त्याबरोबर घ्या. तीन-चार आठवड्यांत अंधारी कमी होते, आकडा एक-दोनने वर जातो, आणि नेमकं तेव्हाच 'आता बरी झाली' म्हणून डबी फडताळात जाते. आकडा १२ च्या वर गेल्यावरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवायच्या असतात, कारण शरीरातला साठा सगळ्यात शेवटी भरतो. साठा रिकामा राहिला तर दोन-तीन पाळ्यांत पुन्हा होतं तिथंच याल.

आता सलाईन. ५०० मिलीच्या पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच चमचे, आणि तिच्यातून मिळते १०० कॅलरी ताकद. ज्वारीच्या एका जाडसर भाकरीत याच्या दुपटीहून जास्त असते. पिवळं औषध टाकलं तरी ती जीवनसत्त्वं असतात, लोह नव्हे. मग बरं का वाटतं? अंगात पाणी कमी असेल तर ते भरून निघतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाटली संपेपर्यंत तुम्ही दीड-दोन तास आडव्या पडता आणि कोणी हाक मारत नाही. त्या दवाखान्यातला खरा उपचार तोच असावा. तो बाजेवर फुकट मिळतो, त्याबद्दल पुढे लिहितो.

जेवणाचं मात्र सविस्तर सांगू द्या, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी चूक तिथे आहे आणि ती सुधारायला वेळ लागत नाही. तुम्ही पाचला उठता आणि पहिला घास एकला खाता. आठ तास. त्यात पाणी भरणं, स्वयंपाक आणि चार-पाच तासांची वेचणी, सगळं दोन कप चहावर.

तव्यावरची पहिली भाकर तुमची. शेवटची नाही, पहिली. चुलीपाशी बसल्या बसल्या ती जवसाच्या किंवा तिळाच्या चटणीबरोबर खा, चटणी मोठा चमचाभर घ्या. घरात कोणी काही बोललं तर गोळी खायच्या आधी काहीतरी खायला सांगितलं आहे म्हणा. खोटं नाही ते. रात्री मूठभर चणे किंवा मोट (मटकी) भिजत घाला, म्हणजे साधारण ३० ते ४० ग्रॅम. निथळून कपड्यात बांधून ठेवले की मोड येतात. मोड आले की धान्यातलं लोह अडवून धरणारं द्रव्य कमी होतं. कांदा, मीठ घालून वर अर्धं लिंबू पिळायचं. लिंबाशिवाय ही मेहनत अर्धी वाया जाते. धान्या-भाज्यांतलं लोह अंगाला फारच थोडं लागतं, आंबट फळातलं क जीवनसत्त्व ते वाढवतं. या दिवसांत तर आपल्याकडे ददात नाही : आवळे आलेले असतात, पेरू आहेत, आंबिया बहाराची संत्री बाजारात उतरली आहेत. डब्यात रोज यातलं एक टाका. पेरूत संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असतं आणि तो बहुधा शेजारच्या झाडावर फुकट मिळतो.

चहा सोडा असं आम्ही सांगत नाही. वेचणीतल्या बाईला चहा सोडायला सांगणं क्रूरपणा आहे. त्याची वेळ तेवढी बदला. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा जेवणातलं निम्म्याहून जास्त लोह अडवतो, काळा असो की दुधाचा. पाचचा चहा ठेवा, तो भाकरीच्या खूप आधी होतो. आठचा जातो, त्याच्या जागी भाकर आली. दुपारच्या डब्यावर वावरात थर्मास उघडला जात असेल तर तो दोन-अडीचला उघडा. जेवण आणि चहा यांत निदान एक तास हवा.

आंबाडीची भाजी तुरीची डाळ आणि कण्या घालून आपण करतोच. ती लोखंडी कढईत करा. आंबट पदार्थ लोखंडात शिजला की कढईतलं लोह भाजीत उतरतं, ॲल्युमिनियमच्या पातेल्यात तसलं काही होत नाही. शिजली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची. कढईतच ठेवली तर काळी पडते, तुरट लागते, आणि पोरं तोंड वाकडं करतात. मग लोखंडी कढई पुन्हा माळ्यावर जाते. मांसाहार करत असाल तर आठवड्यातून एकदा कलेजी खा, त्यातलं लोह भाज्यांपेक्षा सहज लागतं. पूर्ण शाकाहारी असाल तर रोज वाटीभर दही किंवा पेलाभर दूध स्वतःसाठी राखा, बी-१२ धान्यात मिळत नाही. बीट, डाळिंब यांच्यावर पैसे घालू नका. लाल रंगाचा आणि रक्ताचा संबंध नाही. गूळ-शेंगदाणे खा, चांगलेच आहेत, पण गुळाच्या खड्यानं ९ चं १२ होत नाही.

आणि रात्रीचं 'जे उरेल ते'. यावर भांडण नको, पद्धत बदला. ताटं वाढताना पाचवं ताटही तेव्हाच वाढून झाकून ठेवा : दोन भाकरी, वाटीभर वरण, भाजी. वाढलेल्या ताटातलं कोणी घेत नाही, भांड्यातलं घेतात.

पाळीबद्दल. सात दिवसांच्या वर चालणं, दर एक-दोन तासांनी कपडा किंवा पॅड बदलावा लागणं, रुपयाच्या नाण्याएवढ्या गाठी पडणं, यातलं एक जरी असेल तर ते तपासायचं दुखणं आहे. तिकडून रक्त जातच राहिलं तर इकडच्या गोळ्या गळक्या गुंडात (हंड्यात) पाणी भरल्यासारख्या. अंगावरून पांढरं जात असेल, ओटीपोट दुखत असेल तर तेही सांगा. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली, १९८९ मध्ये ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. शंभरात ९२ जणींना बायकांचा कुठला ना कुठला आजार होता, आणि त्याआधी कधी तपासून घेतलेल्या होत्या जेमतेम आठ. बाकीच्या सगळ्या अंगावर काढत होत्या. सोनोग्राफी करून घ्या. फायब्रॉईड (गर्भपिशवीतल्या गाठी), थायरॉईड, कारण काहीही असू शकतं, आणि बहुतेक कारणांवर गोळ्या आहेत. कोणी पहिल्याच भेटीत 'पिशवी काढून टाका' म्हणालं तर हो म्हणू नका. चाळिशीच्या आत पिशवी काढण्याचे परिणाम हाडांवर आणि हृदयावर पुढे दिसतात, अंडाशयही काढलं तर जास्तच. रिपोर्ट घेऊन सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दुसरं मत घ्या. राळेगावहून दोन्हीकडे एका दिवसात जाऊन येता येतं.

पाण्याबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण अंदाज आहे. वावरात जायला जागा नाही म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. अंधारीत आणि पोटऱ्यांच्या गोळ्यांत त्याचाही वाटा असतो, शिवाय लघवी रोखली की जळजळ सुरू होते. दोन लिटरची बाटली स्वतःची वेगळी न्या आणि घरी निघेपर्यंत ती संपवा. कापसात तूर लावलेली आहे ना? आता ती डोक्याएवढी झाली असेल, तिच्या ओळीचा आडोसा होतो. दोघी-तिघींनी वेळ ठरवून एकत्र जा, म्हणजे कोणाला एकटीला संकोच नाही. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतं आहे. जळजळीबरोबर थंडी-ताप आणि बरगडीखाली पाठीत दुखणं असेल तर गोळ्यांच्या दुकानात नाही, दवाखान्यात जायचं.

कंबरेसाठी दोनच गोष्टी सांगतो. एक, कापूस वेचून टाकायला कंबरेला बांधता ती ओटी भरेपर्यंत वाट बघू नका. तीन-चार किलो झाले की ती कंबर पुढे ओढते आणि मणक्यामागचे स्नायू दिवसभर ताणून धरतात. लवकर रिकामी करा, आणि करायला गेलात की गाठोड्यापाशी कंबरेवर हात ठेवून पाच वेळा हळूच मागे वाका. दोन, संध्याकाळी घरी आल्यावर, चूल पेटवायच्या आधी, सतरंजीवर उताणं पडून पोटऱ्या बाजेवर ठेवा. गुडघे आणि कंबर काटकोनात हवेत. दहा मिनिटं. सलाईनमधला तोच आराम. दार लोटून घ्या आणि घरात सांगून ठेवा की या दहा मिनिटांत हाक मारायची नाही. बाजेची दोरी सैल पडून झोळी झाली असेल तर ताणून घ्या, तसल्या बाजेवर झोपून कंबर सकाळी जास्तच धरते. भरलेला मोठा गुंड बारा-पंधरा किलोचा असतो. ते काम मुलाला द्या. पोरगं सायकलला दोन कॅन अडकवून आणू शकतं, त्यात त्याचं काही जात नाही. पाय बधिर होणं, पायातलं बळ जाणं, लघवीवर ताबा न राहणं, असं काही झालं तर व्यायाम बंद, थेट दवाखाना.

रात्री दोनची जाग. अर्धपोटी झोपलं तरी पहाटे जाग येते, म्हणून त्या झाकलेल्या ताटाचा इथेही उपयोग आहे. संध्याकाळी पाचनंतरचा चहा बंद. जाग आल्यावर मोबाईल बघू नका, किती वाजले हेसुद्धा नको. वीसेक मिनिटं डोळा लागला नाही तर उठून ओसरीवर बसा, झोप आली की परत या. पडल्या पडल्या कर्ज मोजण्याची अंथरुणाला सवय लागते, ती मोडायची आहे. उठायची वेळ मात्र पाचच ठेवा.

आणि चिंतेला दिवसातली वेळ द्या. मुलाची जुनी वही घ्या. स्वयंपाकाला लागायच्या आधी पंधरा मिनिटं, डाव्या बाजूला चिंता, उजव्या बाजूला तिचं पुढचं एकच काम आणि वार. 'मुलीची फी' एवढंच लिहिलं तर ती रात्री परत येईल. समोर लिहा : 'सोमवारी कॉलेजच्या कार्यालयात महाडीबीटीचा (सरकारी शिष्यवृत्तीचा ऑनलाइन) अर्ज भरला का विचारणे.' खरंच विचारा, कारण २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या इतर मागासवर्ग, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल गटांच्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्ती वेगळी आहे. तुमची मुलगी कोणत्या वर्गात आणि कोणत्या अभ्यासक्रमाला आहे त्यावर ते ठरेल. 'सोसायटीचं कर्ज' समोर : 'बुधवारी दोघांनी मिळून सचिवांना भेटणे, थकीत किती, मुदत वाढेल का.' रात्री दोनला कर्ज आठवलं की ते वहीत आहे, बुधवारवर आहे, एवढं स्वतःला सांगायचं. चार-पाच रात्री जमणार नाही. नंतर जमू लागतं.

श्वासाचा व्यायाम वावराच्या वाटेवरच होतो. चार पावलं चालताना श्वास आत, सहा पावलं बाहेर. सोडायला जास्त वेळ घेतला की हृदयाचा वेग उतरतो. सध्या धाप लागते आहे, म्हणून तीन आणि चार पावलांपासून सुरुवात करा. डोकं हलकं झालं तर सोडून द्या आणि नेहमीसारखं चाला.

न्हाणीतल्या रडण्याकडे मात्र लक्ष ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटणं, आवडत्या गोष्टीतही मन न लागणं, आपण ओझं आहोत असं वाटणं, जगण्यात राम नाही असे विचार येणं, हे रक्ताच्या गोळीनं जाणारं नाही. १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, रात्री दोनलाही लागते आणि मराठीत बोलता येतं.

हाच नंबर तुमच्या मालकांसाठीही. तुम्ही त्यांच्याबद्दल एकच ओळ लिहिलीत, पण आपल्या भागात ती ओळ वाचून पुढे जाता येत नाही. दोघंच असाल तेव्हा सरळ विचारा : "जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येते काय?" विचारल्यानं तसा विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, घरातल्या आणखी एकाला सांगा आणि त्याच दिवशी फोन करा. आणि ते काहीही म्हणोत, फवारणीच्या औषधाचे डबे आजच घरातून हलवा. वावरातल्या कोठ्यात कुलूप लावून ठेवा, चावी तुमच्याकडे किंवा भावाकडे. तसा विचार पुष्कळदा काही मिनिटांचाच असतो. तेवढ्या वेळात औषध हाताशी नसलं तर माणूस वाचतो.

आता प्रार्थना. मॅडमनी आत्म्याची काळजी म्हटलं, ती तुमच्या गावात आधीपासून आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीहून सुरू केलेली सामुदायिक प्रार्थना विदर्भातल्या कितीतरी गावांत अजून संध्याकाळी होते. ती तुमच्याकडे चालू असेल तर आठवड्यातून दोन वारांपासून सुरू करा, रोजचा पण करू नका. रोजचा पण चौथ्या दिवशी मोडतो आणि मग लाज वाटून जाणंच थांबतं. उशीर झाला तर मागच्या ओळीत बसा. कोणी तुमची हजेरी घेत नाही. विहारातली वंदना असो, मारोतीच्या पारावरचं भजन असो, त्यात एक मोठी सोय आहे : तिथे तुम्ही कोणाला काही वाढत नसता. एका सुरात म्हणताना श्वास आपोआप लांब होतो, शेजारी बाई बसलेली असते, आणि दिवसातली पंधरा मिनिटं चूल, कापूस, फी यांतलं काहीच हाताशी नसतं. तुम्हाला ते आधी आवडत होतं, म्हणून ते आम्ही ध्यानाच्या वर ठेवतो. देवधर्मात मन रमत नसतं तर आम्ही याच वेळेला ओसरीवर बसून नुसती गाणी म्हणायला सांगितलं असतं.

राहता राहिल्या सासूबाई. 'आमी नाई केलं काय' यात टोमणा आहे, पण थोडं नीट ऐका. त्यांनी केलं, आणि त्यांनाही तीन वाजता अंधारी आली असणार, तेव्हा त्यांना कोणी तपासलं नाही. कामानं माणूस मरत नाही हेच त्यांना सांगितलं गेलं आणि तेच त्या तुम्हाला सांगताहेत. त्यांच्याशी वाद घालू नका. आरोग्य केंद्रात जाताना त्यांनाही घेऊन चला. तिशीच्या वरच्या सगळ्यांची बीपी आणि साखर तिथे फुकट बघतात, त्यांचं रक्तही तपासून घ्या. दोघींच्या रिपोर्टवरचे आकडे शेजारी शेजारी ठेवून डॉक्टरांकडून त्यांच्यासमोरच समजावून घ्या. सुनेच्या तोंडून जे पटत नाही ते आकड्यावरून पुष्कळदा पटतं.

वेचणीला खाडा नको असेल तर सकाळी दवाखाना उघडतानाच पोचा, रक्त देऊन दुपारी वावरात जाता येईल. आधार कार्ड न्या. शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली आणि किती दिवस चालली ते चिठ्ठीवर लिहून न्या, तिथे गर्दीत आठवत नाही. आणि निघायच्या आधी भाकर खाऊन निघा.